दगडफूल ओळखावें कसें ?

गोडा मसाला करावयाचा असला म्हणजे धने, तीळ, सुकें खोबरें, तमालपत्र व नागकेशर यांच्याबरोबर आणखी एक जिन्नस वाण्याकडून आणावा लागतो. तो चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो; वरून राखाडी, खालून काळा. कोरडा असतांना त्याला फारसा वास येत नाहीं, पण गरम तेलांत पडतांच सारें घर दरवळून जातें. हेंच दगडफूल. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें खाल्लें असेल. परंतु तें मुळांत काय आहे, असें विचारिलें तर पुष्कळांना उत्तर देतां येणार नाहीं. नांवांत दगड आहे, पण बाजारांतील बरेंचसें दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेलें असतें. नांवांत फूल आहे, पण ज्या जीवाचें तें शरीर आहे त्याला फूल कधींच येत नाहीं. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, वाण्याच्या एका पुडींत पुष्कळदां एकच जात नसते. दोन, तीन किंवा त्याहून अधिक जाती एकत्र मिसळलेल्या असतात. त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्या, हें येथें सांगावयाचें आहे.

दगडफूल ज्या वर्गांत मोडतें त्याला शास्त्रीय मराठींत शैवाक असें म्हणतात. शैवाक ही एक वनस्पति नव्हे. तो बुरशी आणि शेवाळ या दोघांचा संसार आहे. बुरशी आपल्या तंतूंनीं घर विणते. त्या घरांत वरच्या त्वचेखालीं हिरव्या शेवाळाच्या सूक्ष्म पेशी, आणि कांहीं शैवाकांत निळसर-हिरवे जीवाणू, राहतात. शेवाळ सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें व त्याचा मोठा वाटा बुरशीला देतें. बुरशी त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनीं १८६७ सालीं हें मत मांडलें, तेव्हां त्या काळच्या नामांकित शैवाकपंडितांनीं त्याला कडाडून विरोध केला. पुढें तेंच मत खरें ठरलें.

या संसारांत बुरशी अशीं कांहीं द्रव्यें तयार करते, कीं जीं इतर वनस्पतींत बहुधा सांपडत नाहींत. तीं बारीक स्फटिकांच्या रूपानें तंतूंच्या बाहेरच्या अंगाला चिकटून असतात. कांहीं कडक उन्हापासून शेवाळाचें रक्षण करतात, तर कांहीं आपल्या कडवटपणामुळें किड्यांना दूर ठेवतात. अशीं शेंकडों द्रव्यें आतां माहीत झालीं आहेत. त्यांपैकीं एका घराण्याशीं प्रत्येक विद्यार्थ्याची ओळख आहे, मात्र त्याला ती ठाऊक नसते. रसायनशास्त्राच्या तासाला आम्लांत तांबडा व अल्कांत निळा होणारा जो लिटमस कागद आपण वापरतों, त्याचा रंग मूळचा रोसेला नांवाच्या व तत्सम शैवाकांपासून काढलेला आहे. तेव्हां शैवाक आणि रंग यांचें नातें नवें नाहीं. हेंच नातें शैवाक ओळखण्याच्या कामीं कसें येतें, तें पाहण्यापूर्वी डोळ्यांनीं काय पाहावयाचें, तें प्रथम सांगितलें पाहिजे.

शरीराच्या घडणीवरून शैवाकांचे स्थूलमानानें तीन प्रकार करितात. पहिला कवचरूप : हा दगडावर किंवा सालीवर रंगाचा पातळ लेप द्यावा तसा चिकटलेला असतो व नखानें सोलून निघत नाहीं. दुसरा पर्णरूप : हा पानासारखा पसरतो, त्याला वरची व खालची अशा दोन बाजू असतात आणि तो उचकटून काढतां येतो. तिसरा झुडुपरूप : हा दोऱ्यांसारखा किंवा झुपक्यांसारखा उभा वाढतो अगर लोंबतो. दगडफूल बहुतांशीं दुसऱ्या प्रकारांत येतें. आपल्या मसाल्यांतील पुष्कळशा तुकड्यांचें कूळ पार्मोट्रेमा हें होय. त्याच्या पाळी रुंद व कडेला गोलसर असतात. खालची बाजू मध्यभागीं काळी असून तेथें मुळांसारखे आंखूड तंतू असतात. कडेजवळ मात्र ती बहुधा तपकिरी व गुळगुळीत असते.

कूळ कळलें म्हणजे जात कळली असें नाहीं. त्यासाठीं दहा पट मोठें दाखविणारें एक भिंग घ्यावें. सुकलेला तुकडा हातांत मोडतो, म्हणून तो थोडा वेळ पाण्यांत भिजवून मऊ करावा व नंतर तीन गोष्टी पाहाव्या. एक, पाळीच्या कडेला पापण्यांसारखे काळे केस आहेत कीं नाहींत, आणि असल्यास ते लांब आहेत कीं आंखूड. दोन, पृष्ठभाग कसा आहे. कांहीं जातींत त्यावर अगदीं बारीक बोटांसारखे उंचवटे दाटीनें उगवलेले दिसतात. त्यांना आयसिडिया म्हणतात. कांहीं जातींत त्याऐवजीं कडेवर पिठासारखे कण जमलेले असतात. ते सोरेडिया होत. दोन्ही नव्या शैवाकाचें बीं म्हणून उपयोगी पडतात, कारण त्यांत बुरशी व शेवाळ हीं दोन्ही बरोबरच असतात. परंतु आयसिडियावर त्वचा असते, सोरेडियावर ती नसते. म्हणून बोट फिरविल्यास पहिले खरखरीत लागतात आणि दुसरे पिठासारखे बोटाला चिकटतात. तीन, त्वचा अखंड आहे कीं तिच्यावर पांढऱ्या भेगांची जाळी आहे.

इतकें पाहूनही पुष्कळदां निर्णय होत नाहीं. दोन तुकडे सारखेच राखाडी, दोहोंच्याही कडेला पीठ. मग वेगळेपण शोधावें कोठें? या अडचणींतून वाट दाखविणारे गृहस्थ म्हणजे फिनलंडचे विल्यम नायलँडर. ते पॅरिस येथें राहून शैवाकांचा अभ्यास करीत असत. १८६६ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, शैवाकावर ठराविक रसायनाचा एक थेंब टाकला असतां कांहीं जातींत ठराविक रंग उमटतो व कांहींत उमटत नाहीं, आणि दिसण्यांत सारख्या असणाऱ्या जाती त्यावरून निराळ्या काढतां येतात. मौज अशी कीं, शैवाकांना रसायनाची कसोटी लावणाऱ्या याच पंडितानें श्वेंडेनर यांचें मत मात्र अखेरपर्यंत मानलें नाहीं.

या कसोट्यांतील मुख्य तीन रसायनें पुढीलप्रमाणें होत. पहिलें कॉस्टिक पोटॅशचें पाण्यांतील द्रावण, शेंकडा दहाच्या सुमाराचें. याच्या परीक्षेला 'के' म्हणतात. दुसरें ब्लीचिंग पावडरीचें ताजें पाणी, किंवा कपडे शुभ्र करण्यासाठीं मिळणारें सोडियम हायपोक्लोराइटचें द्रव. याची परीक्षा 'सी'. तिसरें पॅराफेनिलीनडायअमीन, याची परीक्षा 'पी'. ही तिसरी जपानचे रसायनशास्त्रज्ञ यासुहिको आसाहिना यांनीं १९३४ सालीं प्रचारांत आणली. याशिवाय प्रथम 'के'चा व लगेच त्याच ठिकाणीं 'सी'चा थेंब टाकून जी जोड-परीक्षा करितात, तिला 'केसी' असें नांव आहे.

हे रंग जादूनें उमटत नाहींत. 'सी'मधील क्लोरिनयुक्त द्रव्य कांहीं विशिष्ट रचनेच्या रेणूंशीं संयोग पावतें व तांबडा रंग येतो. लेकॅनोरिक आम्ल हें त्याचें उत्तम उदाहरण. 'पी' ज्या द्रव्यांत अल्डिहाइड गट असतो त्यांना धरतें आणि पिवळा, नारिंगी किंवा तांबडा रंग देतें. 'के'नें ॲट्रानोरिन पिवळें होतें; सॅलॅझिनिक आम्ल प्रथम पिवळें होऊन पाहतां पाहतां रक्तासारखें लाल होतें. यूरोपच्या किनाऱ्यांवरील झँथोरिया नांवाच्या नारिंगी शैवाकावर 'के'चा थेंब पडतांच तें जांभळट लाल होतें, कारण त्यांत पॅरिएटिन हें रंगद्रव्य असतें. 'केसी' परीक्षेंत पोटॅश मोठ्या रेणूचे तुकडे करतें आणि त्या तुकड्यांवर मागाहून आलेल्या क्लोरिनद्रव्याची क्रिया होते. म्हणून एकट्या 'सी'नें न येणारा गुलाबी रंग या जोडीनें येतो.

आतां पांच जातींचें उदाहरण घेऊं. या पांचही पार्मोट्रेमा कुळांतील असून भारतांत आढळतात. पांचांचीही वरची त्वचा 'के'नें पिवळी होते, म्हणून त्वचेवरील परीक्षेनें येथें कांहीं निष्पन्न होत नाहीं. त्वचा खरवडून आंतील पांढरा गाभा तपासावा लागतो.

टिंक्टोरम या जातीच्या पृष्ठभागावर आयसिडिया असतात, कडेला केस नसतात आणि गाभा 'सी'नें झटकन् तांबडा होतो. हिच्या लॅटिन नांवाचा अर्थच 'रंगाऱ्यांची' असा आहे. ऑस्ट्रोसायनेन्स या जातीचा गाभाही 'सी'नें तसाच तांबडा होतो व तिलाही केस नसतात. पण तिच्या अंगावर आयसिडिया नसून कडेवर सोरेडियाचें पीठ असतें. येथें रसायन दोघींना एकच साक्ष देतें. भेद दाखवितें तें भिंग.

याच्या उलट पर्लेटम आणि रेटिक्युलेटम या दोन जाती घ्या. दोघींच्या कडेला पीठ, दोघींना केस, आणि सुकलेल्या, चुरगळलेल्या तुकड्यांत दोघी सारख्याच दिसतात. परंतु पर्लेटमचा गाभा 'के'नें पिवळा होतो व बहुधा तेथेंच थांबतो. रेटिक्युलेटमचा पिवळा होऊन नंतर लाल होतो. रेटिक्युलेटमच्या त्वचेवर पांढऱ्या भेगांची जाळी असते, व नांवही त्या जाळीवरूनच पडलें आहे. पण तुकडा जुना झाला म्हणजे ती जाळी नेहमींच स्पष्ट दिसते असें नाहीं. येथें भिंग अडखळतें आणि रसायन वाट दाखवितें. पांचवी जात निलगिरेन्स, म्हणजे निलगिरीची. तिला लांब केस असतात. आयसिडिया नाहींत, सोरेडियाही नाहींत. तिचा गाभा 'के'नें बदलत नाहीं, 'सी'नें बदलत नाहीं. दोन्ही एकापाठोपाठ दिलीं म्हणजे मात्र गुलाबी होतो.

या उदाहरणावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक अशी कीं, रूप आणि रसायन हे दोन साक्षीदार आहेत व एकट्याच्या साक्षीवर निकाल देतां येत नाहीं. दुसरी अशी कीं, 'रंग आला नाहीं' ही देखील साक्षच आहे. निलगिरेन्सची ओळख पटण्यास तिच्या गाभ्याचें दोनदां गप्प राहणें तितकेंच महत्त्वाचें आहे, जितकें तिसऱ्या वेळीं गुलाबी होणें. नवशिक्या विद्यार्थी रंग न आल्यास परीक्षा फुकट गेली असें समजून तिची नोंद करीत नाहीं. त्यामुळें अर्धा पुरावा नाहींसा होतो.

आतां परीक्षा करण्याची रीत. शैवाकांतील हीं द्रव्यें टिकाऊ असतात. संग्रहालयांत अनेक दशकें ठेविलेल्या नमुन्यांवरही रंग उमटतो. त्यामुळें मसाल्याच्या डब्यांतील कोरडें दगडफूल या कामीं चालतें, त्यासाठीं रानांतील जिवंत शैवाक उपटण्याची गरज नाहीं. नखाएवढा कोरडा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवावा. एका ठिकाणची त्वचा पात्यानें हलकेच खरवडून गाभा उघडा करावा. हें काम मोठ्या माणसानें करावें. दांतकोरणीच्या टोंकावर राहील एवढाच लहान थेंब घ्यावा, कारण मोठा थेंब त्वचा व गाभा दोहोंवर पसरतो आणि रंग कोणाचा हें कळत नाहीं. थेंब टाकल्यावर नजर हलवूं नये. 'सी'चा तांबडा रंग थोड्याच वेळांत फिकट होऊं लागतो. 'के'चा लाल रंग मात्र सावकाश येतो, त्याला अवधि द्यावा.

येथें एक फसवणूक सांभाळली पाहिजे. साधें पाणी पडलें तरी वरची त्वचा पारदर्शक होते व खालचें शेवाळ हिरवें दिसूं लागतें. हा बदल रसायनाचा नव्हे. म्हणून शेजारीं दुसऱ्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून दोहोंची तुलना करावी. तसेंच 'सी'चें द्रव शिळें झालें म्हणजे त्यांतील क्लोरिन उडून जातो आणि रंग येणाऱ्या जातींतही रंग येत नाहीं. ज्या तुकड्याचा रंग पूर्वी पाहिला आहे, त्यावर द्रव अगोदर तपासून घ्यावें. मगच अनोळखी तुकड्याकडे वळावें.

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं पुढील सूचना कटाक्षानें पाळाव्या. कॉस्टिक पोटॅश त्वचा जाळतें आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टीला अपाय करतें. हातमोजे व चष्मा घातल्यावांचून व शिक्षक जवळ असल्यावांचून त्याला हात लावूं नये. ब्लीचिंगचें पाणी कोणत्याही आम्लांत मिसळूं नये, कारण त्यांतून विषारी क्लोरिन वायु निघतो. 'पी'चें रसायन विषारी असून हातांना व कपड्यांना न जाणारे डाग पाडतें. तें शाळेंतील मुलांनीं वापरूंच नये. वरील पांच जाती त्यावांचूनही ओळखतां येतात. ज्या तुकड्यावर थेंब टाकला तो फेकून द्यावा. तो मसाल्याच्या डब्यांत परत जातां कामा नये.

रंगाच्या परीक्षेनें सर्व प्रश्न सुटतात असें मात्र समजूं नये. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागांत ब्रायोरिया नांवाचें केसांसारखें लोंबणारें शैवाक झाडांवर वाढतें. त्याचा तपकिरी प्रकार तेथील मूळचे रहिवासी जमिनींत खळगा करून त्यांत भाजून खात असत. दुसरा पिवळसर प्रकार विषारी, कारण त्यांत व्हल्पिनिक आम्ल पुष्कळ असतें. या दोहोंना अर्थातच दोन जाती मानीत असत. पुढें तपासणींत असें आढळलें कीं, दोहोंतील मुख्य बुरशी एकच आणि शेवाळही एकच. मग एक खाद्य व दुसरें विष कसें ? २०१६ सालीं टोबी स्प्रिबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, या शैवाकांच्या त्वचेंत एक तिसरा सोबती, एक प्रकारचें यीस्ट, राहतो आणि पिवळ्या विषारी प्रकारांत त्याचें प्रमाण बरेंच अधिक असतें. दोघांचा म्हणून दीडशें वर्षें मानलेल्या संसारांत तिसराही निघाला. रंग हें द्रव्याचें लक्षण आहे. जात ठरविण्यास त्याच्या जोडीला आणखी पुरावा लागतो. म्हणून आज तज्ज्ञ मंडळी थेंबांच्या परीक्षेपुढें जाऊन द्रव्यें एकमेकांपासून वेगळीं करून पाहतात व आनुवंशिक द्रव्याचीही तुलना करितात. तरी कामाची पहिली पायरी अजूनही भिंग आणि थेंब हीच आहे.

एवढी खटपट कशासाठीं, असें कोणी विचारील. मसाल्याची चव जात न ओळखतांही लागतेच. परंतु दगडफुलाची शेती होत नाहीं; बाजारांत येणारें दगडफूल हिमालयांतील व पश्चिम घाटांतील रानांतून खरवडून आणलेलें असतें. पर्णरूप शैवाक वर्षाला कांहीं मिलिमीटर एवढेंच वाढतें. तळहाताएवढें दगडफूल क्षणांत निघतें, पण त्याच्या वाढीला अनेक वर्षें लागलेलीं असतात. पुडींत कोणत्या जाती येतात, त्यांतील कोणती विपुल व कोणती दुर्मिळ होत चालली, हें कळल्याशिवाय कोणती राखावयाची हें ठरवितां येणार नाहीं. दुसरें असें कीं, शैवाकाला मुळें नसतात. जें मिळतें तें पाऊस, धुकें व हवा यांतूनच तें शोषून घेतें. हवेंत गंधकाचा धूर वाढला म्हणजे नाजूक जाती प्रथम नाहींशा होतात. पॅरिसच्या लक्झेंबुर्ग उद्यानांतील शैवाकें हवेच्या शुद्धतेचें माप आहेत, हें नायलँडर यांनीं त्याच १८६६ सालीं लिहून ठेविलें. पण माप वाचावयाचें तर त्यावरील खुणा ओळखतां आल्या पाहिजेत. कोणती जात होती व कोणती गेली हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याला हवेचा बदलही सांगतां येणार नाहीं.

आपल्या देशांत या विषयाची पायाभरणी लखनौचे धरणीधर अवस्थी यांनीं केली. महाराष्ट्रांत १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत, म्हणजे पुण्याच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेंत, पटवर्धन व उर्मिला मखीजा यांच्यासारख्या अभ्यासकांनीं पश्चिम घाटांतील शैवाकें गोळा करून त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांच्या कामाची सुरुवातही कागदाची घडी, नमुना आणि त्यावरील चिठ्ठी यांनींच झाली.

तेव्हां ज्या विद्यार्थ्याला या वर्षीं कांहीं नवें करून पाहावयाचें असेल, त्यानें आईकडून मूठभर दगडफूल मागून घ्यावें. प्रथम भिंगानें पाहून तुकड्यांचे ढीग करावे : केस असलेले, नसलेले, आयसिडियाचे, पिठाचे, गुळगुळीत. वहीच्या पानावर 'रूप', 'के', 'सी', 'केसी' असे चार रकाने आंखावे. शिक्षकांच्या देखरेखीखालीं प्रत्येक ढिगांतील दोन-तीन तुकड्यांची परीक्षा करावी आणि जेथें रंग आला नाहीं तेथें रकाना मोकळा न सोडतां 'बदल नाहीं' असें स्पष्ट लिहावें. एका ढिगांतील तुकडे निरनिराळीं उत्तरें देऊं लागले, तर तो ढीग पुन्हां भिंगाखालीं घ्यावा. घरोघर मसाल्याच्या डब्यांत आजवर एकाच नांवानें नांदत आलेल्या जाती अशा रीतीनें एकामागून एक निराळ्या होऊं लागतील.